पुरणपोळीची मुदत एक वर्ष

एका वर्षी बदलापूर पश्चिमेला होळी जवळजवळ तीन आठवडे चालली. त्याला मी जबाबदार आहे.

हे वाचून कुणाला वाटेल, मी एखाद्या मंडळाची अध्यक्ष वगैरे असेन. तसं काही नाही. मी हेंद्रेपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्राची सून आहे. केंद्र सासूबाईंचं. आम्ही राहतो त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मूळच्या चामटोलीच्या. हाताला चव आणि जिभेला धार. रोज दुपारी त्या गाळ्याबाहेरच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाच्या भाज्या लिहितात, आणि संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं फळा वाचून पोळीभाजी घेऊन घरी जातात. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग मी एक कोर्स केला.

पूर्वी मी उल्हासनगरला एका सिंधी शेठजींच्या फर्निचरच्या दुकानात हिशेब बघायचे. ती नोकरी सोडल्यावर घरबसल्या वेबसाइट बनवायला शिकले, आणि पहिली वेबसाइट अर्थातच केंद्राची बनवली. कल्पना अगदी साधी. आईंनी फळा लिहिला की मी त्याचा फोटो काढून साइटवर टाकायचा. लोकांनी तो फोनवर बघायचा आणि आज पाय आमच्याकडे वळवायचे की नाही ते ठरवायचं.

साइट तयार झाली. फक्त उघडायला वेळ घ्यायची. माझा नवरा प्रशांत अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "अगं, तुझी साइट उघडेपर्यंत माणूस कणीक मळून, पोळ्या लाटून, जेवून, भांडी घासून मोकळा होतो!"

मला ते लागलं. त्यात इंटरनेटवर मला एक जागा सापडली. तिथे आपल्या साइटचा पत्ता टाकला की ती किती चपळ आहे याचे शंभरापैकी गुण मिळतात. आमच्या साइटला मिळाले एकतीस. तेही लाल रंगात! शाळेत गणितातही मला कधी इतके कमी पडले नव्हते. (एकदा पडले होते. पण ते बाई बदलल्या होत्या म्हणून.) मी पदर खोचला आणि सर्व्हरच्या मागे लागले.

सर्व्हर म्हणजे आपली साइट जिथे ठेवलेली असते तो दूरचा कॉम्प्युटर. एका लेखात लिहिलं होतं, त्याला सांगा, पान पाठवताना नीट दाबून, आवळून पाठव. फोन ते आपलं आपण उलगडून घेतो. वाः! पण माझा स्वभाव असा, की दुसऱ्याने घडी घातलेली चादर मी पुन्हा एकदा घडी घालते. मी पान आधी स्वतः दाबलं, मग सर्व्हरलाही दाबायला सांगितलं. फोनने बिचाऱ्याने ते एकदाच उलगडलं. आत निघालं ते माझं दाबलेलं गाठोडं! पडद्यावर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि शेपटीवाली अक्षरं.

आईंनी फोन लांब धरला. "अगो स्मिता, ह्ये काय? कुणी मूठ मारली काय आपल्यावर?"

"नाही आई, दोनदा दाबलं गेलंय."

"मग? एकदाच दाबायचं. पुरणाची पोळी पण दोनदा दाबली का फुटते."

मी माझी घडी काढून टाकली आणि सर्व्हरची ठेवली. साइट ताडकन उघडू लागली. गुण गेले एकाहत्तरवर. आता एवढ्यावर थांबलं तर ती मी कसली?

लेखात पुढे होतं, फोनला सांगा, एकदा आणलेला फोटो जपून ठेव, दरवेळी सर्व्हरकडे मागायला येऊ नकोस. किती काळ जपायचा ते आपण लिहायचं. तास, दिवस, आठवडा, महिना, वर्ष. आणि मुदत जितकी मोठी, तितके गुण जास्त! कंजूषपणा माझ्या रक्तात नाही. मी लिहिलं, एक वर्ष.

गुण सत्त्याण्णव! हिरवेगार!

तो दिवस होळीचा होता. आईंनी पहाटेपासून पुरण घातलं होतं. मी फळ्याचा फोटो टाकला, 'आज पुरणपोळी', शेजारी आईंनी स्वतः काढलेली पेटलेली होळी (ती अननसासारखी दिसत होती), आणि साइटचा पत्ता सगळ्या गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, जुन्या शेठजींना पाठवून दिला. 'बघा, कशी झटकन उघडते!' बऱ्याच जणांनी लगेच बघितलं. त्यांच्या फोनने तो फोटो जपून ठेवला. एक वर्षासाठी.

धुळवडीला केंद्र बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईंनी लिहिलं, 'कारल्याची भाजी'. त्यांचं म्हणणं, गोडावर कडू हवं, नाहीतर पोटात जंत होतात. मी फोटो बदलला. नाव तेच ठेवलं, फक्त आतला फोटो नवा.

संध्याकाळी पहिल्या आल्या मोरे वहिनी. समोरच्या इमारतीत राहतात, फोन कायम हातात.

"मावशी, चार पुरणपोळ्या द्या."

"आज कारलं हाय."

"असं काय करता? साइटवर बघून आलेय मी!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला. साइटवर छान, ठळक, हिरवंगार कारलं होतं. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," मी म्हणाले.

(शिकत असताना मी माझ्या लॅपटॉपला एक खूण करून सांगितलं होतं, तू काही जपून ठेवायचं नाहीस, दरवेळी ताजं आण. ही गोष्ट मी साफ विसरले होते. फोनवर साइट बघायची मला गरजच नव्हती. फळा डोळ्यांसमोर होता ना!)

वहिनींच्या मागोमाग आणखी दोघं पुरणपोळ्या मागत आले. आई वरून रागावल्या, पण मला दिसलं, आतून फुलल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "होळीची चव जिभेवरनं जात नाय त्यांच्या. मागायला लाजतात, म्हणून साईटचं नाव घेतात." मलाही ते पटलं. परवाचं थोडं पुरण फ्रिजमध्ये होतं, त्यांनी पोळ्या करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी मागणारे जास्त आले. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त, कारण पहिल्यांनी इतरांना सांगितलं होतं. आई रोज डाळ शिजवू लागल्या. "गिऱ्हाईक तोंडाने मागतंय, त्याला नाय कसं म्हणायचं?" फळ्यावर भेंडी, आत पुरण. फळ्यावर पडवळ, आत पुरण. पुरणयंत्राचा दांडा मोडला, तो प्रशांतने आणून दिला. दुसरा मोडला, तोही आणून दिला. आईंचं मनगट सुजलं. त्या डाव्या हाताने लाटायला शिकल्या.

आणि एकीकडे पुरणपोळीला रांग, तर दुसरीकडे आमची कित्येक नेहमीची गिऱ्हाइकं अचानक यायची बंद झाली. गायकवाड सर, निवृत्त शिक्षक, रोज न चुकता येणारे. ते आता फळ्याकडे ढुंकूनही न बघता आमच्या गाळ्यावरून पुढे जायचे आणि पलीकडच्या केंद्रातून भाजी घ्यायचे. जाताना माझ्याकडे असं बघायचे, जसं आमच्या घरात कुणी आजारी आहे.

एकदा मीच त्यांना अडवलं. "सर, काय चुकलं का आमचं?"

सर हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, एक विचारू? मला साखर निघाली, हे तुमच्या साइटला कसं कळलं?"

"काय?"

"नाही, रिपोर्ट आला त्याच दिवसापासून तुम्ही मला फक्त कारलं दाखवताय. रोज! मी समजू शकतो, काळजी आहे. पण माणसाने किती खायचं?"

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. तोंडली! स्वच्छ तोंडली दिसत होती. मला सरांची काळजी वाटली.

घरात प्रशांतचीही काळजी होतीच. तो रात्री जेवतच नव्हता. ताटावर बसायचा, अर्धी पोळी मोडायचा, म्हणायचा, "पोटाला जड वाटतंय गं." आईंनी त्याला ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, दृष्ट काढली. एका संध्याकाळी त्यांना रडूच आलं. "बाहेरच्यांना मी खाऊ घालते, आणि माझं पोर वाळत चाललंय!" पोर वाळत वगैरे नव्हतं. पोराची पँट घट्ट होत चालली होती. पण आईच्या डोळ्यांना तसलं काही दिसत नसतं.

मग आला तो शनिवार.

संध्याकाळची गर्दी. फळ्यावर 'फरसबी'. एक मोठी गाडी गाळ्यासमोर थांबली आणि तिच्यातून उल्हासनगरचे माझे जुने शेठजी उतरले. मागून त्यांची बायको, सून, आणि दोघींच्या आधाराने पांढऱ्या ओढणीतल्या त्यांच्या अम्मा. चांगल्या नव्वदीच्या.

"बेटा स्मिता!" शेठजी दुरूनच ओरडले. "अम्मा को लेके आया हूं! होली से रोज मोबाइल पे तेरी साइट खोल के देखती है, रोज पूरणपोळी! बोलती है, जिस घर में रोज मीठा बनता है, वो घर देखना है!"

मी म्हणाले, "शेठजी, आज तर फरसबी आहे."

"क्या बात करती है? ये देख!" त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर आईंची अननसाच्या आकाराची होळी!

तेवढ्यात रांगेतून मोरे वहिनींनी फोन नाचवला. "बघा! माझ्याकडे पण हेच! मी खोटं बोलते का?"

"एक मिनिट, एक मिनिट," गायकवाड सर रस्त्यावरून वळून आत आले. (गर्दी बघून शिक्षकाला राहवत नाही.) "तुम्हाला पुरणपोळी दिसते? मग मला कारलं का?"

"मला पण कारलं!" मागून एक मुलगी म्हणाली. "ऑफिसमधल्या आम्हा तिघींना कारलं!"

"मला भेंडी," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

"म्हणजे माणूस बघून भाजी?" सरांचा आवाज चढला. "आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

मागच्या मुलीने मोरे वहिनींच्या हातातला फोन नीट न्याहाळला. "हां! आत्ता कळलं! महागडा फोन असला की पुरणपोळी, साधा असला की कारलं!"

झालं! क्षणात रांगेच्या दोन फळ्या झाल्या. पुरणपोळीवाले एका बाजूला, कारलंवाले दुसऱ्या बाजूला, आणि भेंडीवाला मध्ये एकटाच. "हा अन्याय आहे!" "पैसे सारखेच घेता ना?" "चला पलीकडच्या केंद्रात, तिथे फळाच नाही, भानगडच नाही!" शेठजी दोन्ही हात वर करून "अरे साईं, शांति रखो!" म्हणत होते आणि अम्मा आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, सगळं लग्नकार्य चालल्यासारखं, कौतुकाने बघत होत्या.

मी लॅपटॉप डोक्यावर धरला. "हे बघा! माझ्याकडे बरोबर दिसतंय!"

हे वाक्य मी म्हणायला नको होतं.

"मग तुमच्या लॅपटॉपलाच खायला घाला!" सर म्हणाले.

तेव्हा आतून आई आल्या. डाव्या हातात लाटणं, उजव्या मनगटाला फडकं. त्या म्हणाल्या, "बारा वर्सं मी फळ्यावर लिहिते. लिहिलं ते दिलं, दिलं ते लिहिलं. आज लोक मला लबाड म्हणतात." त्यांनी लाटणं माझ्याकडे रोखलं. "स्मिता, उद्यापासून केंद्र बंद."

कितीही भांडणं झाली तरी आई 'बंद' हा शब्द कधी उच्चारत नसत. दृष्ट लागते म्हणून गाळ्याचं शटरही त्या 'वाढवत'.

नेमका त्याच वेळी प्रशांत कामावरून आला. आईंनी त्यालाच पकडलं. "तू दाखव तुझा फोन! घरच्या माणसाकडे काय दिसतं ते बघू दे सगळ्यांना!"

"कशाला आई..."

"दाखव!"

त्याने साइट उघडली. कारलं.

"तुला पण?" आई म्हणाल्या. "कधीपासून?"

प्रशांतने जमिनीकडे बघितलं. "होळीनंतर. स्मिताचा मेसेज मी दोन दिवस उशिराच उघडला होता." (बायकोचे मेसेज हा मनुष्य लोणच्यासारखे मुरवून उघडतो.) "रोज कारलंच दिसतं, मग मी... अंबरनाथलाच मिसळ खाऊन येतो."

"रोज?"

"मध्ये दोनदा वडापाव."

"आणि घरी आल्यावर ताटात कारलं नसतं, ते दिसत नाय तुला?" आई कडाडल्या.

"दिसतं ना! पण तोवर पोट भरलेलं असतं!"

सगळा गाळा हसला. आई मात्र त्याच्याकडे आणि हातातल्या लाटण्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मी प्रशांतचा फोन हातात घेतला. दोन दिवस उशिरा उघडला. दोन दिवस उशिरा! ज्याने ज्या दिवशी साइटचा पत्ता पहिल्यांदा उघडला, त्याला त्या दिवसाचा फळा... एक वर्ष. मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, एक वर्ष!

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सर्व्हर, जपून ठेवणं, मुदत, सत्त्याण्णव गुण. कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी आईंनीच त्याचं मराठी केलं. "म्हणजे हिने ज्याला त्याला फळ्याचा जुना फोटो वर्षभरासाठी चिकटवलाय."

"ऐसा बोलो ना!" शेठजी म्हणाले.

"म्हणजे माझी साखर कुणाला माहीत नाही?" सरांनी विचारलं. आता मात्र सगळ्यांना माहीत झाली होती.

आईंनी अम्मांकडे पाहिलं. इतका वेळ बिचाऱ्या थांबल्या होत्या. "बसा सगळे," त्या म्हणाल्या, "पुरण तयार हाय." रोजच असायचं, आजही होतं. पहिली पोळी तव्यावर पडली, तुपाचा वास सुटला आणि दोन्ही पक्षांची युती झाली. अम्मांनी पोळीचा तुकडा दुधात बुडवून खाल्ला, डोळे मिटले, आणि आईंचं सुजलेलं मनगट हातात घेऊन सिंधीत बराच वेळ काहीतरी बोलल्या. आईंना सिंधी येत नाही. तरी त्या मान डोलावत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

"काय म्हणाल्या?" मी शेठजींना हळूच विचारलं.

"बोलती है, घी थोडा और डाल."

सगळ्यांचं तोंड गोड होत होतं तेवढ्यात मी म्हटलं, चूक मी केली, निस्तरणारही मीच. गाळ्याबाहेर स्टूल टाकलं आणि पोलिओच्या डोसासारखी रांग लावली. एकेकाचा फोन घ्यायचा, त्यात जपलेलं सगळं पुसायचं, परत द्यायचा. मोरे वहिनींच्या फोनमध्ये शेवटचा शोध दिसला, 'घरच्या घरी मऊ पोळ्या कशा कराव्यात'. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी फळ्याकडे पाहिलं. शेठजींच्या फोनमधले सगळे पासवर्ड गेले. गायकवाड सरांचं तर सुडोकू गेलं! ते निवृत्त झाल्यापासून एकही दिवस न चुकता सोडवत आले होते, आणि त्याची अखंड साखळी त्यांनी फोनमध्ये जपली होती. आता तिथे शून्य.

"वहिनी," सर शांतपणे म्हणाले, "कारलं परवडलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो लेख पुन्हा काढला. या वेळी शेवटपर्यंत वाचला. आधी मी फक्त जिथून उचलून चिकटवायचं होतं तिथपर्यंतच वाचला होता. अगदी तळाशी एक ओळ होती, 'रोज बदलणाऱ्या चित्राला इतकी मोठी मुदत देऊ नये. दिलीच असेल, तर नव्या चित्राला नवं नाव द्यावं.'

म्हणजे इतकंच! फोटोचं नाव बदललं की फोनला तो नवीन वाटतो, आणि तो मुकाट्याने आणतो. मी फोटोला नवं नाव दिलं. एका मिनिटात अख्ख्या हेंद्रेपाड्याच्या, अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या फोनवर एकच भाजी आली, मेथी. कुणाचा पासवर्ड पुसायची गरज नव्हती. कुणाचं सुडोकू मारायची गरज नव्हती. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

केंद्र बंद झालं नाही. उलट मेथी दिसू लागल्यावर मोरे वहिनी तणतणत आल्या, "पुरणपोळी का काढलीत?" त्यांच्या मागे पुरणपोळीवाले, आणि आता कारलंवालेही! शेठजींनी फोन करून सांगितलं, अम्मा जेवत नाहीत. शेवटी आईंनी रविवार पुरणपोळीचा म्हणून जाहीर केला. दर रविवारी ती मोठी गाडी येते, अम्मा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि तूप कमी आहे म्हणून आईंशी सिंधीत भांडतात. आई मराठीत उत्तर देतात. प्रशांत घरी जेवतो.

लोक आईंना विचारतात, केंद्राचं नाव एवढं कसं झालं? आई मोठ्या मनाने माझ्याकडे बोट दाखवतात. "माझ्या सुनेमुळे. फार हुशार हाय."

आणि मग माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेऊन पुरणयंत्राचा दांडा देतात. त्यांचं म्हणणं, तू पुरणच वाट. बिघडलं तरी संध्याकाळपर्यंत संपतं, वर्षभर राहत नाय.